हातभर वर चालणारी गाडी

यवतमाळ जिल्ह्यात जमिनीवर भरवसा नसलेला शेतकरी एकच असेल, आणि ते नेमके माझे साडू आहेत. कपाशी, सोयाबीन, तूर सगळं जमिनीतूनच निघतं, त्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच जमिनीवरून माणसानं गाडी चालवण्याबद्दल. ते एसटीतसुद्धा हेल्मेट घालून बसतात. एकदा कंडक्टर हसून म्हणाला, "काका, हे मोटरसायकल नोहे." साडू शांतपणे म्हणाले, "रस्ता तं तोच हाये ना?" माझ्या स्कूटरवर मागे बसले की खड्डा दिसताच ते श्वास रोखून स्वतःला किंचित उचलून धरतात. अंग हलकं होतं म्हणे. खड्डा गेला की हुश्श करून सोडलेला तो श्वास माझ्या मानेवर येतो आणि पुढच्या खड्ड्यापर्यंत माझाच जीव टांगणीला लागतो. आमच्या घरी आले की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी विचारतात, "घरचे सगळे कुठी कुठी हायेत?" कोणी बाहेर असेल तर लगेच फोन. थोड्याच वेळात माझी बायको फाटकात उभी राहून रस्त्याकडे बघू लागते आणि मलाही वर्तमानपत्रातलं एक अक्षर कळेनासं होतं.

हे आधीपासूनचं नाही. काही वर्षांपूर्वी ते बायकोला, म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीला, मोटरसायकलवर घेऊन कळंबला निघाले होते. वाटेत एका खड्ड्यात गाडी उसळली. हे पुढे तुरीवरच्या अळीबद्दल बोलत राहिले. मागून हूं की चूं नाही, तेव्हा बाई रागावली असेल असं समजून तिला समजावतही राहिले. शेवटी वळून बघतात तर सीट रिकामी! परत आले तेव्हा ती रस्त्याच्या कडेला मनगट धरून बसली होती. ही गोष्ट आम्ही लग्नाकार्यात हसत हसत सांगतो. पण मेव्हणीचं ते मनगट अजून पूर्ण वळत नाही. ती कणीक मळायला बसली की साडू उठून बाहेर जातात.

बाहेर जाऊन त्यांनी विचार केला तो असा. "मले सांगा भाऊ, गड्डा कोणाले लागते? चाकाले. चाकच टेकलं नाही तं गड्डा काय करन? लई वर नाही पायजे, विमान थोडंच बनवून राह्यलो मी? हातभर वर. बस!" हे त्यांनी मला सांगितलं, सरपंचांना सांगितलं, दवाखान्यात रक्तदाब मोजणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी पट्टा पुन्हा गुंडाळून आणखी एकदा मोजला.

हे सगळं बोलण्यावरच राहिलं असतं, पण त्यांच्या मुलीला, पल्लवीला, पांढरकवड्याच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. गावापासून हायवेपर्यंत खड्डे आणि हायवेवर ट्रक. पहिले काही दिवस साडू तिच्यासोबत एसटीनं जायचे आणि तिची ड्यूटी संपेपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसून राहायचे. तिला धड काम सुचेना. एसटी चुकली की उशीर व्हायचा, बोलणी बसायची. एका रविवारी तिनं मला बोलावून घेतलं. डोळे रडून सुजले होते. "काका, मी सोमवारपासून स्कूटीनं जातो, नाही तं नोकरी सोडतो. बाबाले तुम्हीच सांगा."

साडू म्हणाले, "सोडू नको. आज माही गाडी पाहून घे. नाही उचलली तं चाबी तुही."

अंगणात जुन्या दाराची एक फळी होती. तिच्याभोवती ताडपत्रीची झालर, वर फळीखाली हवा फुंकणारे लोहाराच्या भट्टीचे दोन ब्लोअर आणि मधोमध पल्लवीची स्कूटी दोऱ्यांनी बांधलेली. घरातून आलेली लांब वायर ब्लोअरला जोडली होती. मी मनात म्हटलं, हलणारसुद्धा नाही. साडू हेल्मेट घालून स्कूटीवर बसले. मेव्हणीनं डोळे मिटले. पल्लवीनं बटण दाबलं.

ताडपत्री फुगली, धुरळा उडाला, आणि ती फळी खरोखर उचलली गेली! हातभर नाही, चार बोटं असेल, पण उचलली. साडूंचा चेहरा लहान पोरासारखा फुलला. "पाह्यलं? पाह्यलं काय?"

तेवढ्यात ती सरकू लागली. अंगणाला फाटकाकडे थोडा उतार आहे. एरवी कोणाच्या लक्षातही येत नाही, पण त्या फळीच्या लक्षात आला. फाटक सताड उघडं आणि समोरच्या गल्लीतून ट्रॅक्टर येत असल्याचा आवाज. "ब्रेक लावा!" मी ओरडलो. "लावलाच हाये!" ते ओरडले. दोन्ही मुठी आवळलेल्या, आणि फळी आपली घसरतेच आहे. मी जागेवरूनच ओरडत राहिलो. पल्लवीनं धावत जाऊन घरातली पिन उपटली. फळी धाडकन खाली बसली, फाटकाच्या अगदी अलीकडे. बाहेरून ट्रॅक्टर खडखडत निघून गेला.

पल्लवी त्यांच्याजवळ जाऊन बसली. त्यांचे हात अजून ब्रेकवरच होते.

"दोन्ही दाबले होते मी," ते म्हणाले.

"चाक टेकलं नव्हतं बाबा. टेकल्याबिगर थांबन कसं?"

त्यांनी दोऱ्या सोडल्या, स्कूटी खाली उतरवली, दोन्ही टायर दाबून पाहिले आणि चावी तिच्या हातात ठेवली.

सोमवारी ती गेली. आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. फोन वाजला तेव्हा त्यांनी तो न उचलता माझ्याच हातात दिला. "पोचली काका," तिचा आवाज आला. मी मान हलवली. डोळे पुसत ते म्हणाले, "डोळ्यात धुरळा गेला."

आता पल्लवीची नोकरी पुसदला आहे, तिथेच राहते. ब्लोअर लोहाराकडे परत गेले. साडू गाड्यांबद्दल बोलत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकायला मिळत नाही म्हणून चुकल्यासारखं होतं. परवा मीच विषय काढला. म्हटलं, "साडूभाऊ, माणसाला घेऊन उडणाऱ्या गाड्या येणार म्हणतात."

त्यांनी पुसदकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बघितलं. "येऊ द्या," ते म्हणाले. "मंग तं पोरीले दर रविवारी घरी येता येईन, नाही?"