न पडणाऱ्या बर्फाची गाणी

अमेरिकेत, कॅरी गावात राहायला आले तेव्हा मला हायवेची भीती वाटायची. लायसन्स होतं, पण मुलीची शाळा, ग्रोसरी आणि लायब्ररी यांच्यापलीकडे मी गाडी नेत नसे. मग औषधांच्या एका कंपनीत, लॅबमध्ये नोकरी लागली आणि रोज जायचं कसं हा प्रश्न उभा राहिला. नवऱ्याचं ऑफिस उलट्या दिशेला. पहिल्याच आठवड्यात लॅबमधल्या एका सीनियर जपानी बाईंनी विचारलं, की त्या आमच्या घरावरूनच येतात, तर मी त्यांच्या गाडीत का येत नाही.

त्या साठीला टेकलेल्या होत्या आणि एकट्या राहायच्या. लग्न केलं होतं, ते टिकलं नाही, एवढंच त्यांनी मला कधीतरी सांगितलं. बोलणं बेताचं. गाडीत रेडिओसुद्धा लावत नसत. सुरुवातीला मला त्या शांततेचं दडपण यायचं, मग सवय झाली.

नोव्हेंबरअखेरची थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपली आणि त्या सोमवारी गाडीत बसले तर गाणं चालू होतं. एका बाईचा स्वच्छ, जरासा थरथरता आवाज आणि मागे जुन्या कीबोर्डचे सूर. भाषा कळत नव्हती, पण कोणीतरी कोणाची तरी वाट बघतंय हे कळत होतं. त्यांनी सांगितलं, ही हिवाळ्याची गाणी. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतली. जपानमध्ये थंडी पडली की दुकानांत, स्टेशनांवर तीच ती गाणी दर वर्षी लागतात आणि वसंत आला की ती कोणी ऐकत नाही.

मी म्हटलं, हे मला समजतं. नागपूरला आमच्या वस्तीत एप्रिल आला की लाउडस्पीकरवर भीमगीतं सुरू होतात. वर्षानुवर्षं तीच, तरी माझी आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहते. त्या गाण्यांत काय असतं, असं त्यांनी विचारलं. मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी गाण्याचा आवाज थोडा कमी केला. मग म्हणाल्या, "तुमच्या गाण्यांत कोणीतरी आलेला आहे. आमच्या गाण्यांत येतच नाही."

पुढे सिग्नलला गाडी थांबली की त्या मला ओळींचे अर्थ सांगत. एक मुलगी घड्याळाखाली उभी आहे, बर्फ पडतोय, तो येत नाही. कोणाच्या तरी मफलरचा वास अजून गेलेला नाही. पहिला बर्फ दोघांनी मिळून बघायचं ठरलं होतं, आता ती एकटीच बघतेय. त्यांचं गाव जपानच्या पार उत्तरेला, तिथे बर्फ खिडकीपर्यंत चढतो म्हणे. आणि इथे काचेबाहेर पाइनची हिरवीगार झाडं, वाळलेलं गवत आणि राखाडी पाऊस. कॅरीत बर्फाचा नुसता अंदाज आला तरी शाळा बंद होतात, दुकानांतला ब्रेड आणि दूध संपतं, आणि पुष्कळदा बर्फ येतच नाही. गाणी मात्र फेब्रुवारी संपेपर्यंत चालू असत. मी ती पोळ्या लाटताना गुणगुणू लागले. मुलगी म्हणायची, "मम्मा, नॉट द सॅड वन अगेन."

असे काही हिवाळे गेले. मग एका ऑक्टोबरात त्यांनी लॅबच्या पार्किंगमध्ये इंजिन बंद केलं आणि उतरल्याच नाहीत. पोटात गाठ निघाली होती, पसरलेली होती. हे त्यांनी लॅबचा रिपोर्ट वाचावा तशा आवाजात सांगितलं. सीटबेल्ट सोडायला नेलेला हात मी मागे घेतला. त्याच म्हणाल्या, "थोड्या दिवसांनी मला गाडी चालवता येणार नाही. तुला हायवेवर यावं लागेल."

म्हणून मी हायवे शिकले. त्या शेजारच्या सीटवर बसून हळू आवाजात सांगत, आता लेन बदल, आता नको, ट्रक जाऊ दे. नंतर त्यांनी काम सोडलं, तरी केमोला मीच नेत असे. त्या दिवशी नवरा घरून काम करायचा आणि मुलीकडे बघायचा. थँक्सगिव्हिंगनंतर त्यांनी नेहमीसारखी गाणी लावली. मला बरं वाटलं, काहीतरी जागच्या जागी आहे असं.

डिसेंबरातल्या एका दुपारी आम्ही हॉस्पिटलमधून परतत होतो. पाऊस होता. गाणं अर्ध्यात आलं असताना त्यांनी हात पुढे करून ते बंद केलं.

"आता ही नकोत," त्या म्हणाल्या. "ही तरुण माणसांच्या दुःखाची गाणी आहेत. यात जो येत नाही, तो पुढच्या हिवाळ्यात येऊ शकतो."

मी वायपरचा वेग वाढवला. त्यानंतर आमच्या फेऱ्या पहिल्या दिवसांसारख्या मुक्या झाल्या, पण आता त्या शांततेची सवय होईना.

फेब्रुवारीत त्या गेल्या. मी तेव्हा लॅबमध्ये होते.

जपानहून त्यांचे धाकटे भाऊ एकटेच आले. इंग्रजी मोडकं, म्हणून आम्ही फोनवर टाइप करून त्याचं भाषांतर एकमेकांना दाखवत होतो. फ्युनरल होममध्ये लॅबची चारदोन माणसं आली होती. भंते किंवा जपानी पुजारी मिळाला नव्हता. भावांनी फोनवर ती गाणी शोधून ठेवली होती, बहिणीची आवडती. लावायला गेले तेव्हा मला राहवलं नाही. मी टाइप केलं, की शेवटी त्यांना ती नको होती. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, फोन खिशात ठेवला. मग त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले आणि विचारलं, "यू, बुद्धिस्ट?" त्यांना बहिणीने सांगितलं असावं.

मी उभी राहिले आणि त्रिशरण, पंचशील म्हटलं. घरी सगळ्यांबरोबर म्हणते, एकटीने परक्यांपुढे कधी म्हटलं नव्हतं. त्यांना पाली कळत नव्हती, पण 'बुद्ध' शब्द ऐकला की त्यांची मान दर वेळी खाली जायची.

अस्थी घेऊन ते निघाले तेव्हा एअरपोर्टला मीच सोडलं. पिशवी त्यांनी मांडीवर धरली होती. वाटेत मी विचारलं, की आता गावी बर्फ असेल ना. हो, खूप, ते म्हणाले. मग टाइप करून सिग्नलला फोन माझ्यापुढे धरला. बहीण अमेरिकेला आल्यापासून फक्त उन्हाळ्यात घरी यायची, हिवाळ्यात एकदाही आली नाही. आई वारली तेव्हासुद्धा नाही.

का, हे त्यांना माहीत नव्हतं. मागची गाडी हॉर्न देऊ लागली, म्हणून मी फोन परत दिला.

टर्मिनलपाशी ते कमरेतून वाकले. मीही वाकले, मला ते नीट जमत नाही. मग पिशवी छातीशी धरून ते आत गेले, आणि मी हायवेला लागले.