थडग्यावरची घरं

घाटंजीच्या अलीकडे, माझ्या माहेरच्या गावामागे एक टेकडी आहे. तिच्या माथ्यावर काळ्या धोंड्यांचं मोठं कडं आणि कड्याच्या आत गोट्यांचा ढीग. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपलं माणूस तिथे पुरलं आणि वर दगड रचले. शेजारच्या उतारावरचं असंच कडं अभ्यासकांनी खणलं, तेव्हा हाडं, फुटकी मडकी आणि गंजलेली कुऱ्हाड निघाली. गावाने ते पाहिलं, चार दिवस चघळलं आणि विसरून गेलं. आमच्या लहानपणी टेकडीवरचा ढीग कमरेएवढा होता. आता तिथे खड्डा आहे.

खड्डा केला घर मागणाऱ्यांनी. दगडावर दगड रचला की स्वतःचं घर होतं, ही समजूत आपल्याकडे जुनीच. कुणीतरी या टेकडीचा व्हिडिओ मोबाइलवर फिरवला आणि यवतमाळपासून पांढरकवड्यापर्यंतचे भाडेकरू गाड्या काढून येऊ लागले. हाताला बसतील असे आयते गोटे दुसरीकडे कुठे मिळणार? मेलेल्याच्या अंगावरचे उचलायचे आणि त्याच्याच उशाशी दोन मजली बंगला मागायचा. वर गुटख्याच्या पुड्या तिथेच टाकून यायचं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या नणंदेनेही तिथे जायचा हट्ट धरला. ताई माझ्या नवऱ्याहून मोठ्या. उभा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला, आणि आता घरमालकाने उन्हाळ्याच्या आत खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या होत्या. कळंबच्या चिंतामणीपुढे नारळ फोडून झाला होता. राहिली होती टेकडी.

खरं तर टेकडी चढायची त्यांना गरजच नव्हती. यवतमाळात शिरताना, घाटंजी रस्त्यालाच, सासऱ्यांनी घेतलेला प्लॉट आहे. त्यातला अर्धा पोरीचा, असं ते जाण्याआधी आम्हा सगळ्यांसमोर बोलले होते. त्यावर आजवर वेडी बाभूळ तेवढी उगवली. विषय निघाला की माझा नवरा ‘पाहू’ म्हणतो. या शब्दाला जागचं हलावं लागत नाही, म्हणून तो त्याच्या फार आवडीचा. आणि ताई भावाला वाईट वाटेल म्हणून तोंड उघडत नाहीत. मला दोघांचाही सारखाच कंटाळा.

टेकडीखाली पोचल्यावर नवऱ्याचा गुडघा दुखायला लागला. तो डबा घेऊन पळसाखाली बसला. आम्ही दोघी चढलो.

वर जत्रा होती. पांढरे बूट घातलेला एक गृहस्थ मोबाइल धरून बायकोकडून घर बांधून घेत होता.

“अवं, वरचा मजला वाकडा होऊन राह्यला!”

“तुमाले जमते तं तुमीच बांधा ना!”

दुसरे एकजण पोट सावरत, इथे फार ऊर्जा आहे, असं येईल त्याला सांगत होते. त्यांची स्वतःची ऊर्जा चढणीतच संपलेली दिसत होती.

ताई खड्ड्याच्या काठाशी बसल्या आणि गोटे निवडू लागल्या.

“वहिनी, तो चपटा द्या बरं इकडे.”

“हे थडगं आहे, ताई.”

“असन. त्याले आता काय लागते?”

“मेलेल्याले घर मागून राह्यल्या तुम्ही. ज्याच्यापाशी जागा आहे तो खाली बसून भाकर खाऊन राह्यला. त्याले काहून नाही मागत?”

“भावाले कसं मागू व? माहेर तुटते.”

“मंग रचा.”

त्यांनी रचलं. चांगलं उंच रचलं. तेवढ्यात पांढऱ्या बूटवाल्याची बायको आली आणि सरळ ताईंच्या मनोऱ्यावरचा चपटा गोटा उचलून चालू लागली.

“ठेव तो,” ताई म्हणाल्या. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

“दगडच तं आहे, मावशी. खाली पडेल आहेत ना बाकीचे.”

“माहा आहे तो. इचारल्याबिगर कायले उचलतं?”

बाईने तोंड वाकडं करून गोटा ठेवला. ताई मनोऱ्याकडे थोडा वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी वरपासून एकेक गोटा काढला आणि खड्ड्यात परत टाकला. हात लुगड्याला पुसले आणि उतरायला लागल्या.

खाली नवरा हात धूत होता.

“झालं का बांधकाम?” तो हसत म्हणाला.

“भाऊ, जाताना प्लॉटावर गाडी घे. माही अर्धी बाजू कोणती, ते आजच दाखव.”

त्याचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं. “पाहू ना, ताई. सवडीनं.”

ताईंनी पुढचं दार उघडलं आणि माझ्या जागेवर जाऊन बसल्या. आजवर त्या कायम मागे, पिशव्यांच्या शेजारी बसत आल्या होत्या.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. वहिनीने अशा वेळी काय बोलायचं असतं ते साऱ्या जगाला ठाऊक आहे, आणि त्यालाही त्याचीच आशा होती.

“अवं, तू तरी सांग.”

मी डबा उचलला आणि मागे बसले.

“गाडी काढा,” मी म्हटलं. “अंधार पडला की त्या बाभळीत काही दिसायचं नाही.”