अक्काचं बसकर

"शकू, मला थांबवा," अक्का म्हणाली.

माझ्या थोरल्या बहिणीशी माझं शेवटचं निवांत बोलणं ते. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात, तिच्या पत्र्याच्या घरात, मी बाजेवर बसून तिचे केस विंचरत होते. केस तरी कुठे राहिले होते म्हणा, पण फणी फिरली की तिला बरं वाटायचं. नगरच्या डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं होतं आणि मी नगरातल्या माझ्या नागापूरच्या खोलीला कुलूप लावून तिच्याजवळ येऊन राहिले होते. "संतोष आल्याबिगर मला उचलू द्यू नको. त्याचा हात लागू दे मला..." पुढचं तिला बोलवेना. संतोष तिचा एकुलता मुलगा, बायकोला घेऊन कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेलेला. मी म्हटलं, मग आत्ताच बोलावते की त्याला. तर म्हणाली, "आत्ता नगं. अजून हाय येळ." दुसऱ्यांचं तिला बरोबर कळायचं. स्वतःचं मात्र चुकलं.

हे वाचून आमच्या गावचा कुणीही म्हणेल, शकूबाई पदरचं सांगते. कारण गावाला ठाऊक असलेली अक्का वेगळी होती. दसरा झाला की आमच्याकडची निम्मी घरं ऊसतोडीला निघतात. मागे राहतात म्हातारी, दुखणाईत माणसं. एका हंगामात अक्का आणि तिचा नवरा असेच गेलेले, आणि मागे तिची सासू वारली. हे दोघं टेम्पोत उभ्यानं गावी पोचले तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. माझे मेव्हणे सरणाच्या त्या मोकळ्या जागेसमोर बसून राहिले. म्हातारीला थांबायचं होतं की नव्हतं, हे कुणालाच सांगता येईना, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं. ही गोष्ट अक्काच्या मनातून कधी गेली नाही.

मेव्हण्यांच्या मागे तिनं ऊसतोड सोडली आणि विचारायला सुरुवात केली. जुन्या लुगड्याचं शिवलेलं एक बसकर होतं तिचं. ते काखेत मारून ती टोळी निघायच्या आधी दुखणाईत माणसाच्या घरी जायची, बाजेशेजारी भुईवर ते टाकायची आणि म्हाताऱ्या माणसाला त्याच्या पोरांदेखत विचारायची, "पोरं लांब असताना काय झालं, तर थांबायचं का न्हाई? पाणी कुणी पाजायचं? काय खावंसं वाटतंय? कुणाशी बोलायचं राहिलंय का?" पहिल्या वर्षी बायांनी तिला अभद्र म्हणून दारातनं परत लावलं. एकीनं तर तिच्यामागं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. अक्का माझ्यापाशी येऊन पोट धरून हसली होती. "माझीच दिष्ट काढली गं रांडेनं, फुकटात," म्हणाली.

पण हळूहळू लोकच तिला बोलवायला लागले. कुणाला शेवटचं बोंबील-भाकरी खायची असायची, कुणाला रुसलेल्या भावाला भेटायचं असायचं. ती भावाला घेऊन यायची, बोंबील भाजायची, आणि काहीच करायचं नसलं की नुसती बसायची. घरच्यांनी घाई करून माणसाला बाजेवरून भुईवर घ्यायला पाहिलं, तर हात आडवा घालायची. "अजून ऐकतंय ते. घाबरंल," म्हणायची. थांबण्याचं विचारलं की बहुतेक म्हातारी म्हणत, नको, पोराचा खाडा होईल. अक्का तेही ऐकायची. आणि तिला कुणी गमतीनं विचारलं, तुझं काय गं? की ती हात झटकून सांगायची, "मला उरका चटकन. पोराचा खाडा करू नगा." सबंध गावानं हे ऐकलं होतं. मी एकटीनं दुसरं ऐकलं होतं.

त्या बोलण्यानंतर चौथ्या दिवशी, जेवणवेळेला, ती गेली. पाणी मीच पाजलं. संतोषला फोन लावला, तो उसाच्या फडातच होता. म्हणाला, "मावशे, निघालो. सकाळपत्तुर येतो." तोवर इकडे तिरडीचे बांबू आले होते. अक्काचे चुलत दीर तात्या, भावकीतले वडीलधारे, म्हणाले, दिवस मावळायच्या आत उरकू, तिचंच सांगणं होतं तसं. मी म्हटलं, नाही, तिनं थांबवा म्हणून सांगितलंय.

"अक्का असं म्हणायची न्हाई," तात्या म्हणाले. "लोकाला एक आन् सोताला एक, असं वागनं न्हवतं तिचं. तू नगरला ऱ्हातीस, तुला काय ठावं?"

काय दाखवू मी त्यांना? माझ्याकडे नुसता माझा शब्द होता. मी खुंटीवरचं तिचं बसकर काढलं, उंबऱ्यात टाकलं आणि दार अडवून बसले. मला रडू फुटलं होतं आणि रागही अनावर झाला होता. म्हटलं, "तात्या, तुमच्या आईला कुणी विचारलं होतं? ह्याच बसकरावर बसून अक्कानंच ना? म्हातारी काय म्हणाली ते तुम्ही लेक असून तुम्हाला पटलं नव्हतं. तरी ऐकलंत. आज हिचं पटत नसलं तरी ऐका. जन्मात एवढं एकच मागितलंय तिनं." उन्हं कलत चालली होती. तात्यांनी डोक्याची टोपी काढली, पुन्हा घातली आणि बांबू भिंतीला लावून ठेवले. "बर्फ बगा कुठं मिळतोय का," एवढंच म्हणाले.

संतोष सकाळी आला. अंगावर फडातलेच कपडे, हात उसाच्या पाचटानं चिरलेले. त्यानं तिच्या गालाला हात लावला, थंड लागला म्हणून मागे घेतला आणि परत ठेवला. "आये, आलो," म्हणाला. मग तो जो रडला... मी त्याला लहानपणापासून पाहते आहे, असा कधी रडला नव्हता. जिवंतपणी बोलावलं असतं तर, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

तेरावा झाला आणि संतोषला परत जाणं भाग होतं. सुनबाई पिशव्या घेऊन जीपपाशी उभी होती. मीही माझी पिशवी भरत होते. मला मूलबाळ नाही, मालक जाऊनही वर्षं झाली, नागापूरच्या खोलीत माझी मी. संतोष आत आला. खुंटीवरचं बसकर काढून त्यानं माझ्यासमोर टाकलं आणि आईसारखाच एक गुडघा उभा धरून बसला.

"मावशे," म्हणाला, "म्या लांब असताना तुला काय झालं, तर थांबायचं का न्हाई?"

बाहेर जीपवाला हॉर्न देत होता. मला उरका चटकन, हे अगदी जिभेवर आलं होतं माझ्या.

"थांबवा," मी म्हणाले. "तू येस्तोवर थांबवा मला."