लग्नाच्या फोटोतली सासू

माझ्या नणंदेला एका परक्या देशाच्या सरकारनं खोटारडी ठरवलंय. शिक्का मारून, सहीनिशी. मी दवाखान्याच्या खिडकीत बसते, दिवसभर केसपेपर काढते आणि रांगेतल्या लोकांवर खेकसते, तेव्हा खिडकीच्या आतल्या माणसाला नकार देणं किती सोपं असतं ते मला कुणी शिकवू नये. पण आम्ही निदान माणसाचं तोंड बघून नकार देतो हो!

नणंद फोटो स्टुडिओत कामाला आहे. फोटो काढत नाही, सुधारते. मागच्या बिनखिडकीच्या खोलीत स्क्रीनसमोर बसून कुणाचे मुरूम घालवायचे, कुणाचे मिटलेले डोळे उघडायचे. आणि सगळ्यात जास्त मागणी कशाला, तर नसलेली माणसं आणून बसवायला. आता घरटी एक माणूस परदेशात. सगळं घर फोटोला उभं राहिलं की एक जागा रिकामी राहतेच. मग लोक त्या मुलाचा वेगळा फोटो घेऊन येतात, "ताई, याला जरा वडिलांच्या शेजारी उभा करा" म्हणतात. ती करते. उजेड कुठून येतोय ते बघते, सावली बरोबर त्या बाजूला पाडते, मुलाचा हात वडिलांच्या खांद्यावर असा ठेवते की शर्टाला चुणी पडलेली दिसते. आया तो फोटो बघून रडतात. कुणी आजवर त्याला खोटा म्हटलेलं नाही.

लग्नाची आशा आम्ही सोडली होती, तिनं आमच्याही आधी सोडली होती. सदतिसावं लागलं होतं. तेवढ्यात आमच्या दवाखान्याची नवी लिफ्ट बसवायला सीमेपलीकडून एक मेकॅनिक आला. पलीकडचा असला तरी बोलणं आपलंच, फक्त हेल वेगळा. कामाच्या परवान्यासाठी त्याला फोटो हवा होता. हिनं काय करावं? सवयीनं त्याच्या कपाळावरचा व्रण पुसून टाकला. कचेरीत फोटो नाकारला, आणि गडी तणतणत स्टुडिओत परत आला.

"बाई, माझ्या कपाळावरची खूण कुठं गेली?"

"घालवली. चांगली दिसत नव्हती."

"जन्मदात्या आईनं कधी मला असं म्हटलं नाही हो!"

भांडायला आलेला माणूस हसत परत गेला, आणि मग त्याला सारखेच फोटो लागायला लागले. सिनेमातल्या नटाला लागत नसतील इतके. मी एकदा विचारलंच, "काय वन्सं, लिफ्ट वर चाललीय वाटतं?" वन्सं मी तिला फक्त चिडवायला म्हणते. ती कानापर्यंत लाल झाली.

लग्न नोंदणी कचेरीत झालं. आम्ही दोघं, स्टुडिओचे मालक आणि नवरदेवाचा एक सोबती, एवढीच माणसं. त्याची आई आली नाही, कारण येणं शक्यच नव्हतं. अर्धांगवायूनं उजवं अंग गेलेलं, अंथरुणावरून उठवायलासुद्धा दोन माणसं लागतात. तो एकुलता एक. दवाखान्याचं काम संपलं, परवाना संपला, तोवर आईला सांभाळणारी म्हातारी मावशीही थकली, आणि तो आईकडे परत गेला. हिनं मागून जायचं असं ठरलेलं. चारसहा महिन्यांचा प्रश्न, असं सगळे म्हणाले. सगळ्यांना म्हणायला काय जातं?

सासू मात्र लाख माणूस. रोज दुपारी फोनवर सूनबाईला बघितल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. एकदा बोलता बोलता ती म्हणाली, "पोटच्या पोराचं लग्न झालं गं, आणि मी इथं भिंतीकडे तोंड करून पडलेली." झालं! नणंदेच्या काळजाला घरं पडली. तिनं नवऱ्याला सांगितलं, आईंना चांगले कपडे घाला, उशांना टेकवून बसवा, उजेड डाव्या बाजूनं येऊ द्या आणि मला फोटो पाठवा. मग सगळा रविवार बसून तिनं सासूला लग्नात आणली. आमचे हे जरा बाजूला सरकवले आणि मधे खुर्चीवर सासूबाई, सुनेच्या हातावर हात ठेवून. काय सांगू, त्या म्हातारीच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून मलाच वाटलं, ती खरंच आली होती आणि मीच विसरले. तिकडे तो फोटो मोठा करून पलंगासमोर लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हातारी सांगायची, "मी होते ना लग्नाला!"

मग सुरू झाली व्हिसाची भानगड. आम्ही एक वकीलबाई गाठल्या. त्या म्हणाल्या, "तुमचं सरळ आहे. लग्न झालंय, तो तिथला नागरिक आहे, नवऱ्यानं बायकोला बोलवायचं. लग्न मनापासूनचं आहे, कागदापुरतं नाही, एवढं त्यांना पटलं पाहिजे." फोनचे तपशील द्या, तो इथं राहिल्याचे पुरावे द्या, आणि लग्नाचा एक चांगला फोटो.

चांगला फोटो म्हटल्यावर ती कोणता देणार? साधा होता की, नोंदणी कचेरीतला. पण त्यात आमच्या ह्यांचे डोळे अर्धे मिटलेले आणि मागे पंखा. आयुष्यभर जिनं दुसऱ्यांचे फोटो सुधारून दिले, ती स्वतःच्या लग्नाचा वाईट फोटो सरकारला दाखवणार? तिनं तिचं सगळ्यात सुरेख काम पाठवलं. वकीलबाईसुद्धा म्हणाल्या, "अय्या, सासूबाई किती गोड आहेत!" आणि ही म्हणाली, "आहेतच." मनात काही काळंबेरं असतं तर अशी म्हणाली असती का?

तिकडे नवऱ्याला मुलाखतीला बोलावलं. साहेबानं विचारलं, लग्नाला कोण कोण होतं? त्यानं नावं घेतली. आई? तो म्हणाला, आई अंथरुणावर असते, ती नव्हती. साहेबानं फोटो पुढं सरकवला. "मग या कोण?"

बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो सांगत बसला, माझी बायको हेच काम करते, तिनं प्रेमानं केलंय, आईसाठी केलंय. साहेब मान हलवत राहिला. जितकं खरं सांगावं तितकं ते खोटं वाटावं, असली ती वेळ. महिन्याभरानं निकाल आला. बनावट पुरावा दिला, सबब अर्ज फेटाळला, आणि दहा वर्षं पुन्हा अर्ज करायचा नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"दहा वर्षांनी मी एकोणपन्नास," एवढंच ती म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. तिला मूल हवं होतं. ते तिनं कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आम्ही पुन्हा वकीलबाईंकडे. मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. अपील करा म्हणाल्या, तर अपील केलं. साधा फोटो दिला, स्टुडिओच्या मालकांचा जबाब दिला. तेही फेटाळलं, कारण एकदा खोटं दिलं म्हणजे बाकीचंही संशयाचं. नुसतं भेटायला जायचा व्हिसा? मागे शिक्का असताना कोण देतो! तिसऱ्या एखाद्या देशात दोघांनी नोकऱ्या धरायच्या, असंही एक निघालं. त्याला मिळेल, लिफ्टा सगळीकडे आहेत. हिच्या कामाला कोण बोलावतंय? आणि त्याच्या आईला कुठल्या देशानं घ्यावं?

मग राहिलं शेवटचं. त्यानं इकडे यायचं. "हे होईल," वकीलबाई म्हणाल्या. "आपल्याकडे नवऱ्याला परवाना मिळतो. पण फक्त नवऱ्याला. त्याच्या आईला नाही."

मी तिथल्या तिथं त्याला फोन लावला. स्पष्टच विचारलं, "लिफ्टवाले, आईला सांभाळणारं दुसरं कुणीच नाही का? एखादी संस्था, एखादी बाई?"

 तो म्हणाला, "वहिनी, आईला कूस बदलायची असली तरी ती मला हाक मारते. तुम्ही सांगा, मी काय करू?"

नणंदेनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. "काही करू नका. त्यांना सोडून आलात तर मी दार उघडणार नाही," असं म्हणाली आणि फोन बंद केला. इकडे आड तिकडे विहीर. त्या दिवशी मी जिन्यातच तिच्यावर ओरडले, सगळ्या जगाची काळजी तूच वाहणार का म्हणून. ती पायऱ्या उतरत राहिली. ओरडून माझाच घसा बसला.

त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. ती कामाला जाते, लोकांची मुलं आणून त्यांच्या घरात उभी करते, आणि घरी येऊन ताटातलं चिवडत बसते. गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत ती अचानक दवाखान्यात आली. खिडकीशी नाही, मागच्या दारानं आत माझ्या खुर्चीजवळ. चेहरा पांढराफटक.

"काय झालं गं?"

"आज दुपारचा फोन आलाच नाही."

"मग येईल की. एवढ्यात काय?"

"तसं नाही, वहिनी. फोन आला नाही तेव्हा माझ्या मनात आलं, सासूबाई गेल्या असतील." तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "आणि मला हलकं वाटलं गं. खरंच हलकं वाटलं. आता ते येतील, असं वाटलं. मी त्यांच्या मरणाची वाट बघतेय, वहिनी. रोज बघतेय."

मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं.  बाहेर कुणीतरी काचेवर टकटक केली, तर मी त्याच्यावर खेकसायचंही विसरले.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. समोर म्हातारी, उशांना टेकून बसलेली, केस विंचरलेले.

"सूनबाई, उशीर झाला गं! डॉक्टर तपासायला आले होते. म्हणाले, आजी, नाडी अगदी ठणठणीत आहे, अजून पुष्कळ वर्षं काढाल." ती हसली, अर्ध्याच तोंडानं, तिला तेवढंच जमतं. "मी म्हटलं, काढणार! सुनेला या घरात डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कशी जाईन?"

नणंदेनं फोन नीट समोर धरला. मग म्हणाली, "हो आई. तुम्ही पुष्कळ जगा."

"जेवलीस का?"

"जेवले."

फोन बंद झाला. तिनं माझ्या पदरात तोंड खुपसलं आणि काचेपलीकडे उभ्या रांगेदेखत हंबरडा फोडला.