मोरीत ओतलेला चीक

“पिळ. आजून पिळ. पिवळं हाय तवर सगळं निघाय पायजे.”

आत्याबाई, म्हणजे माझी सासू, वाटी धरून समोर बसलेल्या. मी बाळंतीण. कालच बारामतीच्या दवाखान्यातनं पणदऱ्याला आणलेली. पोरगी शेजारी भुकेनं कळवळत होती आणि मी तिचं दूध वाटीत पिळत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तशा त्या म्हणाल्या, “नासकं असतंय हे. आमच्यात न्हाय पाजत.” वाटी मोरीत ओतली. पोरीच्या तोंडात गाईच्या दुधाचा बोळा.

दवाखान्यातली नर्सबाई सांगून दमली होती, पहिलं दूध पाजा. तिच्यासमोर आत्याबाई मान डोलवायच्या. ती वळली की वाटी बाहेर.

आमच्यात. हा शब्द मला चांगला ठाऊक. मी वस्तीवरची, खालच्या जातीची म्हणतात ती. लोणी देवकरच्या फॅक्टरीत आमचं दोघांचं जमलं, लग्न केलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. मला मात्र धाडलं नाही. “त्या वस्तीत न्हाय आमचं लेकरू जलमायचं.”

आणि ती वाटी. घासली, पण मांडणीवर गेली नाही. मोरीच्या कोपऱ्यात पालथी पडून राहिली. म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

थोरली जाऊ शेकायला शेगडी घेऊन आली. तिला विचारलं, “अक्का, तुमच्या येळी सांडलं व्हतं का?”

तिनं आधी दाराकडं बघितलं. “न्हाय गं बाई. मला म्हनल्या, पाज, लई ताकद असती त्यात.”

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे नासकं दूध नव्हतं, नासकी मी होते.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “दोन दिसांचा तर प्रश्न हाय. आईचं ऐक.”

दुपारी दुसरी गाय व्यायली. गोठ्यात आत्याबाई माझ्या नवऱ्यावरच खेकसल्या, “आरं, आधी वासराला चीक पाज! आयचा चीक न्हाय मिळाला तर जगायचं न्हाय ते!”

मी आतनं ऐकलं. बोळा फेकला. पोरीला पदराखाली घेतलं. आधी नुसतीच हुंगत राहिली, मग अशी ओढायला लागली की मला रडूच फुटलं.

आत्याबाई वाटी घेऊन आल्या. “आगं, काय करतीस?”

“चीक पाजतीया. तुमी वासराला पाजला तसा.”

“दावलीस ना शेवटी जात!”

“व्हय. तीच पितीया तुमची नात.”

पाचवी झाली. सटवाई नशीब लिहून गेली म्हणतात. पण या घरात तिचं लिहिलेलं खोडायला टपलेले लई. ती वाटी मीच घासून मांडणीवर ठेवलीय. कुणी काढली की परत ठेवते. आता बारसं येईल, जावळ येईल, आणखी काय काय येईल. दरवेळी मी एकच विचारणार, सगळ्यांच्या देखत: ही रीत अक्काच्या पोरांना होती का? नसली, तर माझ्या पोरीला हात लावायचा नाही.