दिवसाढवळ्या लावलेली कडी

‘विद्यार्थ्यांची तयारी’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. डोंबलाची तयारी! मी दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजनं आम्हा सगळ्यांना संगणकाच्या खोलीत बसवून एक फॉर्म भरून घेतला होता. ऑनलाइन शिक्षण, नोकरी आणि उद्योग यांसाठी तुम्ही कितपत तयार आहात, म्हणे. त्यात एक प्रश्न होता, घरी शांत आणि स्वतंत्र खोली आहे का? मी ‘नाही’ करायला गेले, तेवढ्यात सर मागून म्हणाले, “अगं, होय कर. आपल्या कॉलेजचं वाईट दिसतं.” मी ‘होय’ केलं. वर्गातल्या सगळ्यांनीच केलं. त्यातल्या किती जणांच्या घरी अशी खोली होती, ते मला चांगलं माहीत होतं.

भाजे गावातलं आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत सगळं जग, मागच्या खोलीत चूल, गॅस आणि धान्याची पिंपं. घराचं दार सकाळी उघडतं ते रात्री झोपतानाच लागतं. घरातलं माणूस बाहेर गेलं तर बाहेरून कडी घालतं, की लोकांना कळतं, घरात कोणी नाही. पण दिवसा आतून कडी? ती आमच्याकडे कोणी लावत नाही. लावली तर आत भांडण तरी आहे, नाहीतर काहीतरी विपरीत घडतंय, असंच गाव समजतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही, मी त्यातच वाढले. आणि ऐन वेळेला मीच ते विसरले!

शेवटच्या वर्षाला एक कंपनी आली. काम घरून, संगणकावर बिलं तपासायची. कॉमर्सच्या मुलींना पुण्यात राहायला न लावणारी वर्षभरातली ती एकच कंपनी. ही नोकरी लागली नाही तर जूनपासून आईबरोबर बंगल्यांच्या साफसफाईला जायचं, हे घरात ठरून गेलं होतं. आई दहा वर्षं ते करतेय आणि शनिवार-रविवारी लेण्यांच्या पायथ्याशी कणसं भाजून विकतेय. तिच्या कामाला मी कमी लेखत नाही. पण तीन वर्षं मळवली ते लोणावळा गाडीनं ये-जा करून मी डिग्री घेतली होती, ती काय दुसऱ्यांचे बाथरूम घासायला? मला ती नोकरी हवी होती. फार हवी होती.

परीक्षा मंगळवारी अकरा वाजता, घरूनच द्यायची. मामाच्या मुलाचा लॅपटॉप आणला. नियम असे की खोलीत एकटं बसायचं, दार बंद हवं, कॅमेरा चालू, तोंडातून आवाज काढायचा नाही, पडद्यावरून नजर हलवायची नाही. चूक झाली की इशारा. तीन इशारे झाले की परीक्षा रद्द. सुरुवातीला लॅपटॉप फिरवून चारी भिंती दाखवायच्या. मी दाखवल्या. पत्र्याला टांगलेल्या कांद्यांच्या माळासुद्धा दाखवल्या. आई बंगल्यावर गेलेली, वडील पहिल्या पाळीला. मी पुढच्या दाराला आतून कडी घातली आणि बसले.

निम्मे प्रश्न झाले असतील, तेवढ्यात शेजारची मावशी आली. ही माझी सख्खी मावशी नव्हे. आई कामाला गेली की मला जेवू घालणारी, शाळेच्या पहिल्या दिवशी हात धरून नेणारी शेजारीण. तिनं दार ढकललं. लागेना.

“पोरी, कडी का घातली गं?”

मी गप्प. बोलले तर इशारा.

“अगं, बरं हाय ना? बोल की! आत हायस ना तू?”

मी पडद्याकडे बघत बसले. तिचा आवाज लॅपटॉपनं ऐकला आणि पहिला इशारा आला. माझ्या गप्प बसण्यानं ती बिचारी आणखी घाबरली. “आबा! ओ आबा! लवकर या हिकडं! पोर आत हाय आन् आवाज न्हाई तिचा!” मला राहवेना, मी दाराकडे बघितलं. दुसरा इशारा.

पारावर बसलेले आमच्या आळीतले म्हातारे आबा पहार घेऊन आले. काय बोलावं आता! दोन दणक्यात कडीचा कोयंडा भिंतीतून निघाला. दार उघडलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात, माझ्या खांद्यामागे, हातात पहार घेतलेले आबा आणि पदरानं डोळे पुसणारी मावशी दिसली. लगेच लाल अक्षरं आली. खोलीत अनधिकृत व्यक्ती आढळल्या, परीक्षा रद्द.

मी काय केलं? मी मावशीवर ओरडले. “तुमच्यामुळं माझी नोकरी गेली! कुणी बोलावलं होतं तुम्हाला?” आबांनी पहार भिंतीला टेकवली आणि निघालेला कोयंडा उचलून ठेवला. मावशी म्हणाली, “मला वाटलं, तुला काय झालं का काय,” आणि निघून गेली. संध्याकाळी आबांनी स्वतः सिमेंट कालवून कोयंडा बसवून दिला.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात सरांना गाठायला गेले, तर ते सभागृहात. तिथं उद्योजकतेवर कार्यशाळा चालू होती. कानाला माइक लावलेला एक गृहस्थ सांगत होता, “मावळातल्या तरुणांमध्ये भूकच नाही! दर शनिवारी हजारो पर्यटक तुमच्या दारात येतात. नोकरी मागू नका, संधी बघा!” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले. म्हटलं, “साहेब, माझी आई दहा पावसाळे त्या पर्यटकांना कणसं विकतेय. गाड्यांची रांग लागली की तिची शेगडी सगळ्यात आधी उचलायला लावतात. ती उद्योजक आहे का नाही, तेवढं सांगा.” सगळे हसले. तोही हसला आणि म्हणाला, “व्वा, हाच आत्मविश्वास पाहिजे!” टाळ्या पडल्या. उत्तर काही दिलं नाही मेल्यानं.

सर बाहेर आले. सगळं ऐकून म्हणाले, “घरी आधी सांगून ठेवायला नको होतं? तुमची तयारीच कमी पडते, बघ.” मी म्हटलं, “सर, फॉर्ममध्ये होय तुम्हीच करायला लावलंत.” ते जरा चपापले. मग त्यांनी मोबाइलवर कंपनीचं तक्रारीचं पान उघडून दिलं. फेरपरीक्षा मिळू शकत होती. त्यासाठी विचारलं होतं, खोलीत आलेल्या व्यक्तींशी उमेदवाराचं नातं काय? घरचे, मित्र, शेजारी, अनोळखी.

“शेजारी केलंस तर म्हणतील, उत्तरं सांगायला आले होते,” सर म्हणाले. “अनोळखी कर. दार फोडून कोणीतरी घुसलं, यात तुझी काय चूक?”

मी ‘अनोळखी’वर बोट ठेवलं. खाली हमी मागितली होती, या व्यक्ती पुन्हा येणार नाहीत. तिथंही होय केलं.

फेरपरीक्षा झाली, मी पास झाले, नोकरी लागली. पेढे घेऊन मावशीकडे गेले. तिनं तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि विचारलं, “परत कशी काय गं दिली त्यांनी परीक्षा? आमचं काय सांगितलंस?”

खोटं बोलता आलं असतं. पण एवढं सगळं तिच्या नावावर खोटं लिहून झाल्यावर तिच्या तोंडावर आणखी एक खोटं बोलवेना. म्हटलं, “लिहिलं, या बाईला मी ओळखत नाही. ती परत आमच्या घरी येणार नाही.”

तिनं पुड्यातला एक पेढा उचलला. मग म्हणाली, “व्हय का? बरं केलंस. काम झालं ना तुजं?” आणि पेढा खाल्ला.

मला रडूही आलं आणि संतापही. त्या कंपनीचा, सरांचा, स्वतःचा तर सगळ्यात जास्त. अरे, ज्या बाईनं माझ्यासाठी दार फोडवलं, तिला अनधिकृत म्हणायला कसली तयारी लागते? आणि ती मी केली, न अडखळता केली!

आता दिवसभर कानाला हेडफोन लावून मी पुढच्या खोलीत काम करते. दार आता उघडंच ठेवते. बाहेरचा आवाज येतो म्हणून कंपनीच्या साहेबांनी दोनदा टोकलं, तरी ठेवते. मावशी अजून येते, वाटीभर कालवण घेऊन, कधी चहापत्ती मागायला. पण जन्मभर सरळ चुलीपाशी जाऊन बसणारी ही बाई आता उंबऱ्याबाहेर थांबते आणि हळूच विचारते, “येऊ का गं आत?”