बंदूक नंतर, वेळ आधी

तो थंडगार पाय माझ्या हाताला आजही आठवतो.

सकाळी दहाला तालुक्याच्या दवाखान्यातून आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. इटियाडोह धरणाकडच्या गावातल्या एका माणसाला त्याच्या मेव्हण्याने आणलं होतं. नऊ वाजता ट्रॅक्टरवरून पडला, असं मेव्हणा सांगत होता. मांडीतून मात्र छर्रे निघाले होते.

म्हणजे ठासणीची गावठी भरमार बंदूक आणि रानडुकराची शिकार. मी दवाखान्यात पोचून मेव्हण्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं.

"बंदूक कुठे आहे?"

"कायची बंदूक, साहेब? जवाईबापू पडले."

"ट्रॅक्टर छर्रे मारतो काय?"

वीस मिनिटं मी बंदूकच विचारत राहिलो.

शेवटी सर्जन बाहेर आले. "बंदूक नंतर शोधा. लागलं केव्हा, ते विचारा. मांडीची धमनी तुटलीय, खाली रक्त नाही. सहाएक तासांत रक्त पोहोचलं नाही तर पाय जातो. नऊला लागलं असेल तर सरळ नागपूरला पाठवतो. आधीचं असेल तर पाय वाटेतच मरेल. इथेच नळी टाकून रक्त चालू करावं लागेल."

मी मेव्हण्याला आत नेलं. जखमी पाय आधी स्वतः चाचपला. मग मेव्हण्याचा हात जखमीच्या चांगल्या पायावर ठेवला, मग दुसऱ्यावर. त्याने हात झटकन मागे घेतला.

"काऊन थंडा पडला जी?"

"तू वेळ लपवतोयस म्हणून. गुन्हा तर नोंदवणारच. पण आधी वेळ सांग."

"दिवस निघाला नोता, साहेब. पाच वाजले असन. बंदूक लपवाले गेलो, त्यात उशीर झाला."

सर्जननी धमनीच्या दोन तुटक्या टोकांत प्लास्टिकची बारीक नळी बसवून दोऱ्याने बांधली. पांढरी पडलेली नखं हळूहळू गुलाबी झाली. मग रुग्णवाहिका सुटली. नागपूरला नळी काढून त्याच्याच दुसऱ्या पायाची शीर तिथे जोडली. पाय वाचला.

बंदूक भाताच्या तणसाच्या ढिगात सापडली. गुन्हा दोघांवर नोंदवला; पाय वाचला म्हणून कायदा वाकवला नाही. काही महिन्यांनी तो पाय वाचलेला माणूस जरा लंगडत ठाण्यात हजेरीला आला.

"डुक्कर भेटलं का रे?" हवालदाराने टोमणा मारला.

"डुक्कर पळालं जी. मीच भेटलो तुमाले."

मेव्हणा आम्हाला घाबरून खोटं बोलला, हे खरं. पण जिथे माणूस पोलिसाच्या भीतीने डॉक्टरलाही खरी वेळ सांगत नाही, तिथे दोष एकट्या त्याचा नसतो. केस डायरीत मी बंदुकीच्या जप्तीची वेळ मिनिटासह लिहिली. व्हरांड्यात मी घालवलेली वीस मिनिटं लिहिली नाहीत. ती इथे लिहितो.